हलकी गाडी, हलके विमान

पुष्पक विमान कोणाचे होते, असे वर्गात विचारले तर बहुतेक विद्यार्थी रावणाचे नाव घेतात आणि उरलेले रामाचे. पुष्पकाचा मूळ धनी कुबेर होता. रावणाने ते त्याच्याकडून बळाने हिरावून घेतले आणि युद्ध संपल्यावर रामाने अयोध्येस पोहोचताच ते पुन्हा कुबेराकडे पाठवून दिले. हा तपशील सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. वास्तविक तो महत्त्वाचा आहे. आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध विमान खासगी मालकीचे होते, ते धनाच्या देवतेच्या घरचे होते आणि सत्ता ज्याच्या हाती गेली त्याच्या हाती तेही गेले. ज्यांना आज 'बिझनेस जेट' म्हटले जाते त्या विमानांविषयी विचार करू लागल्यावर प्रस्तुत लेखकाला प्रथम आठवले ते हे पुष्पक.

या लेखाचा विषय आहे 'लाइट जेट', म्हणजे चार ते सात-आठ प्रवाशांना घेऊन जाणारे, एखाद्या उद्योगसमूहाच्या, व्यक्तीच्या किंवा भाड्याने विमाने देणाऱ्या कंपनीच्या मालकीचे छोटे जेट विमान. साहित्याच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे एक उत्तर असे की प्रवासाच्या साधनांचा इतिहास हा समाजाच्या कल्पनाशक्तीचाही इतिहास असतो. दुसरे उत्तर अधिक स्थानिक आहे. 'हलके वाहन' ही कल्पना आमच्या धाराशिव जिल्ह्याला नवी नाही. एका हलक्या वाहनाने या जिल्ह्याचे जवळजवळ शतकभराचे जीवन घडवले आहे. त्या वाहनाला शेजारी ठेवून पाहिले तर लाइट जेटची गोष्ट अधिक नीट कळते, असे या लेखाचे म्हणणे आहे.

१

व्यापारासाठी प्रवास ही आमच्या भागातील फार जुनी गोष्ट आहे. जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकरी परंपरेला ते ठाऊक असले, तरी त्याआधी हजारभर वर्षे ते भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचलेल्या व्यापाराचे केंद्र होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगरचा उल्लेख पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे शहर असा येतो. तगरचे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशातून भडोचच्या बंदराकडे नेली जाई. पैठण ते भडोच हे अंतर त्याच ग्रंथाने वीस दिवसांचे सांगितले आहे. म्हणजे तगरच्या व्यापाऱ्याचा माल समुद्र पाहण्यास साधारण महिना घेत असे.

दोन हजार वर्षांनंतर ताशी साडेसहाशे-सातशे किलोमीटर वेगाने जाणारे छोटे जेट धाराशिवच्या परिसरातून मुंबईला तासाभराच्या आत पोहोचू शकते. पण या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरे वाहन येते. ते ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने धावत असे आणि त्याच्या नावातच 'लाइट' हा शब्द होता.

२

बार्शी लाइट रेल्वेचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता. त्याचा जन्म १८५७चा. १८८२मध्ये तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मोठ्या रेल्वेचा रूळमार्ग कुर्डुवाडीवरून जात होता आणि बार्शी ही कापसाची व गळिताच्या धान्याची भरभराटलेली पेठ त्यापासून एकवीस मैलांवर अलग पडली होती. इतक्या छोट्या अंतरासाठी मोठ्या मापाची रेल्वे बांधणे परवडणारे नव्हते. बैलगाड्या पावसाळ्यात काळ्या मातीत रुतत. कॅलथ्रॉपने अडीच फूट रुंदीच्या रुळांची योजना मांडली, १८९५मध्ये लंडनला कंपनी स्थापन केली आणि १८९७मध्ये पहिली गाडी बार्शीला आली.

कॅलथ्रॉपचे खरे योगदान अरुंद रुळांत नव्हते. अरुंद रुळांच्या गाड्या त्याच्या आधीही होत्या. त्याने एक नियम घालून घेतला. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा असो, चाकांच्या कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येता कामा नये. त्या काळी इंजिन फार जड आणि डबे त्यामानाने हलके असत. परिणामी सगळा रूळमार्ग आणि सगळे पूल त्या एका जड इंजिनासाठी भक्कम बांधावे लागत. कॅलथ्रॉपने इंजिनाचा भार अनेक आसांवर वाटला आणि डब्यांना दाबलेल्या पोलादाची हलकी चौकट देऊन त्यांत माल अधिक मावेल असे केले. त्यामुळे रूळ हलके चालले, पूल स्वस्तात झाले आणि मोठ्या रेल्वेने ज्या गावांकडे ढुंकूनही पाहिले नसते तिथवर रेल्वे गेली. हलकेपणाचा अर्थ त्याने असा लावला, की भार नाहीसा करता येत नाही, पण तो सर्वांवर सारखा वाटता येतो.

ही रेल्वे पुढे निजामाच्या हद्दीत शिरली. येडशी, तडवळे, ढोकी अशी आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ठिकाणे जोडत ती १९११मध्ये लातूरला पोहोचली. दुसरी शाखा १९०६मध्ये पंढरपूरला आणि १९२७मध्ये मिरजेला गेली. एकंदर लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात झाली. १९५४मध्ये भारत सरकारने ती ताब्यात घेतली. या गाडीने कापूस, गूळ आणि गळिताचे धान्य वाहिले, आषाढी-कार्तिकीला वारकरी वाहिले, आणि शिक्षणासाठी घर सोडणारी पोरेही वाहिली. तिच्या संथपणाची चेष्टा आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत घरोघर चालत असे. धावत्या गाडीतून उतरावे, शेतातला हरभरा उपटावा आणि पुन्हा चढावे, या गोष्टी ज्याने त्याने स्वतःच्या म्हणून सांगितल्या आहेत. पण ती चेष्टा घरच्या माणसाची करावी तशी होती. गाडी सर्वांची होती.

याच रेल्वेशी आणखी एक धागा जोडलेला आहे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी वडिलोपार्जित व्यापार सोडून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेण्यास सुरुवात केली. त्यांच्या सुरुवातीच्या कामांत बार्शी लाइटचे काम होते. याच वालचंदांनी पुढे डिसेंबर १९४०मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत सरकारने १९४२मध्ये तिचा कारभार आपल्याकडे घेतला आणि आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सची ती पूर्वज ठरली. हलक्या रुळांच्या मातीकामापासून विमानाच्या कारखान्यापर्यंतचा हा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात झाला, याची आठवण आमच्या भागात फारशी कोणी ठेवलेली नाही.

३

आता विमानाकडे वळू. जेट इंजिन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी जन्माला आले आणि युद्धानंतरही प्रथम लष्कराकडेच राहिले. १९५०च्या दशकात जेट प्रवासी विमाने आली, ती मोठी होती आणि मोठ्या शहरांतून उडत होती. उद्योगपतींसाठीची पहिली काही जेट विमाने, उदाहरणार्थ १९५७मध्ये प्रथम उडालेले लॉकहीडचे जेटस्टार, लष्करी गरजा डोळ्यांपुढे ठेवून आखलेली, जड आणि अतिशय महाग होती. फ्रान्समध्ये १९५४ साली उडालेले चार आसनांचे 'पॅरिस' हे विमानही मुळात लष्करी प्रशिक्षण व संपर्कासाठीच होते.

खऱ्या अर्थाने लाइट जेटची कल्पना लोकप्रिय केली ती अमेरिकेच्या बिल लिअर याने. मोटारीतल्या रेडिओच्या विकासात त्याचा वाटा होता आणि पुढे गाडीत वाजवायच्या आठ-ट्रॅक टेपची पद्धत त्याने आणली. स्वित्झर्लंडने 'पी-१६' नावाचे एक लढाऊ विमान तयार करायला घेतले होते. त्याचे नमुने अपघातांत सापडले आणि १९५८मध्ये स्विस सरकारने ती योजना सोडून दिली. त्या विमानाच्या पंखांची रचना लिअरच्या मनात भरली. लढाऊ विमानाच्या त्या पंखांवर आधारलेले 'लिअरजेट २३' त्याने तयार केले आणि ते ७ ऑक्टोबर १९६३ रोजी कॅन्सस राज्यातील विचिटा येथे प्रथम आकाशात गेले. त्याचे इंजिन तर आणखी विलक्षण वंशातले होते. शत्रूच्या रडारला फसवण्यासाठी बॉम्बफेकी विमानातून सोडायच्या एका फसव्या क्षेपणास्त्रासाठी जनरल इलेक्ट्रिकने जे छोटे इंजिन तयार केले होते, त्याचीच ती नागरी आवृत्ती होती. म्हणजे पंख पडलेल्या लढाऊ विमानाचे आणि इंजिन एकदाच वापरून फेकून द्यायच्या क्षेपणास्त्राचे. व्यापारी माणसाच्या सुखासनाखाली युद्धाचा सांगाडा होता.

येथे 'लाइट' या शब्दाचा अर्थ पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेच्या तत्कालीन नियमांनुसार १२,५०० पौंड, म्हणजे सुमारे ५,६७० किलोपर्यंतचे विमान 'लहान' मानले जाई आणि त्याला मान्यता मिळवणे तुलनेने सोपे असे. लिअरने आपले विमान त्या रेषेच्या किंचित आत बसवले. कॅलथ्रॉपने पाच टनांची मर्यादा स्वतःवर घालून घेतली होती, कारण त्याला हलक्या रुळांवरून जायचे होते. लिअरने मर्यादा पाळली ती कायद्याच्या अरुंद दारातून आत शिरण्यासाठी. दोघांचेही आकडे टनांतले आणि योगायोगाने जवळजवळचे, पण मागचा विचार वेगळा होता.

लिअरजेट वेगवान होते, देखणे होते आणि चालवायला अवघड होते. नटनट्या, गायक, उद्योगपती यांच्या छायाचित्रांत ते दिसू लागले आणि 'लिअरजेट' हा शब्दच खासगी विमानाचा पर्याय झाला. लिअरने १९६७मध्ये कंपनी विकली. पुढे १९९०मध्ये ती कॅनडाच्या बॉम्बार्डियरकडे गेली आणि मार्च २०२२मध्ये शेवटचे लिअरजेट ग्राहकाच्या हाती देऊन या नावाचे उत्पादन थांबले.

लिअरच्या उलट वाट धरली ती त्याच विचिटा शहरातील सेसना कंपनीने. १५ सप्टेंबर १९६९ रोजी उडालेल्या त्यांच्या 'सायटेशन' विमानाचे पंख सरळ होते, मागे झुकलेले नव्हते. इंजिन टर्बोफॅन होते. साध्या जेट इंजिनात आत घेतलेली सगळी हवा जळणाऱ्या गाभ्यातून जाते. टर्बोफॅनमध्ये पुढचा मोठा पंखा बरीचशी हवा गाभ्याच्या बाहेरून मागे ढकलतो, त्यामुळे इंधन कमी लागते आणि आवाजही घटतो. सरळ पंखांमुळे सायटेशन कमी वेगातही हवेत तरंगू शके आणि आखूड धावपट्टीवर उतरू शके. मात्र इतर जेटच्या मानाने ते संथ होते. त्याला मागून येऊन पक्षी धडकतील, अशी थट्टा वैमानिक करीत. बार्शी लाइटची थट्टा ज्यांनी ऐकली आहे त्यांना हा विनोद परका वाटणार नाही. दोन्हीकडे संथपणा हा छोट्या गावापर्यंत जाण्यासाठी मोजलेला मोबदला होता. आणि दोन्हीकडे थट्टा झालेले वाहनच टिकले. सायटेशन या नावाची विमाने पन्नास वर्षांहून अधिक काळ तयार होत आली आहेत.

४

लाइट जेटची रचना समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीचे 'फेनॉम १००' हे विमान जुलै २००७मध्ये प्रथम उडाले. त्याचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन पावणेपाच टनांच्या आसपास आहे. चार प्रवासी आरामात समोरासमोर बसतात. केबिनची उंची दीड मीटर, म्हणजे उभे राहायचे तर मान वाकवावी लागते. वेग ताशी सातशे किलोमीटरच्या पुढे, पल्ला सुमारे दोन हजार किलोमीटर. ४१,००० फुटांपर्यंत ते चढू शकते, म्हणजे बहुतेक प्रवासी विमानांच्या वरून. तेथे हवा विरळ असल्यामुळे इंधन कमी लागते आणि ढगांची बहुतेक गडबड खाली राहते. अर्थात त्यासाठी केबिनमध्ये दाबाखाली हवा भरावी लागते, म्हणून खिडक्या लहान आणि धड नळीसारखे गोल.

इंजिने शेपटीजवळ, धडाच्या दोन्ही बाजूंना असतात. मोठ्या प्रवासी विमानात ती पंखांखाली टांगलेली आपण पाहतो. छोट्या विमानाचे पंख जमिनीपासून इतके जवळ असतात की खाली इंजिन बसवायला जागाच नसते. जपानच्या होंडा कंपनीने मिचिमासा फुजिनो यांच्या आराखड्यावरून जे 'होंडाजेट' तयार केले, त्यात इंजिने पंखांच्या वर खांबावर बसवली आहेत. त्यामुळे मागच्या भागात सामानासाठी आणि प्रवाशांसाठी जागा मोकळी झाली. ते २००३मध्ये उडाले आणि अमेरिकेची मान्यता मिळवायला त्याला २०१५चा डिसेंबर उजाडला. एका यंत्राला बारा वर्षे कसोटीवर उभे राहावे लागते, हे पीएच.डी. करणाऱ्या आमच्या मित्रांनी ध्यानात घ्यावे.

अशा विमानांपैकी बरीच एकाच वैमानिकाने चालवावीत अशा बेताने आखलेली असतात. समोरचे पडदे, स्वयंचलित यंत्रणा आणि सोपी मांडणी यांमुळे दुसऱ्या माणसाचा पगार वाचतो. येथेही 'हलके' करण्याचीच प्रक्रिया चालू असते. धातू हलका करावा, इंजिन हलके करावे, आणि शेवटी माणूसही कमी करावा.

मात्र सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे आखूड धावपट्टी. समुद्रसपाटीला आणि सौम्य हवामानात फेनॉमला उड्डाणासाठी साधारण ९५० मीटर पुरतात, असे कागद सांगतो. पण कागद बालाघाटाच्या पठारावर आणि मे महिन्यात लिहिलेला नसतो. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. हवा तापली की विरळ होते. चाळीस अंशांच्या दुपारी आमच्या पठारावरची हवा प्रमाण हवामानातील सुमारे सतराशे मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, म्हणजे महाबळेश्वरहूनही उंच जागेसारखी. पंखांना आधार कमी, इंजिनाला श्वास कमी. त्यामुळे तेच विमान अधिक धावपट्टी मागते, किंवा इंधन तरी कमी भरावे लागते, किंवा एखादा प्रवासी तरी खाली ठेवावा लागतो. भूगोल यंत्राकडून आपला हिशेब असा वसूल करतो.

५

एकविसाव्या शतकाच्या आरंभी या कथेत एक आशेचे प्रकरण आले. क्रूझ क्षेपणास्त्रांसाठी छोटी इंजिने तयार करणाऱ्या विल्यम्स कंपनीच्या इंजिनांनी १९९०च्या दशकात लाइट जेटची किंमत खाली आणली होती. त्याच्या पुढचे पाऊल म्हणून अमेरिकेत 'एक्लिप्स ५००' या विमानाची घोषणा झाली. दहा लाख डॉलरहून कमी किमतीत जेट देऊ, असे ते आश्वासन होते. त्याच्या भरवशावर 'डेजेट' या कंपनीने फ्लोरिडात छोट्या गावांना जोडणारी हवाई टॅक्सी सुरू केली. संपूर्ण विमान भाड्याने न घेता एकच आसन घ्यावे आणि हव्या त्या वेळी निघावे, अशी कल्पना. हलके जेट प्रथमच बार्शी लाइटच्या जवळ येत होते. ऑक्टोबर २००७मध्ये सुरू झालेली ही सेवा सप्टेंबर २००८मध्ये बंद पडली आणि दोन महिन्यांत एक्लिप्स कंपनीही दिवाळखोरीत गेली. विमान उत्तम होते की नव्हते हा वाद वेगळा. पाच-सहा आसनांवर इंधन, वैमानिक, देखभाल आणि विमानतळ यांचा सगळा भार टाकला, तर ती आसने सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जातात. छोट्या वाहनात भार वाटून घ्यायला माणसेच कमी असतात. कॅलथ्रॉपचे गणित येथे जुळत नाही.

कॅलथ्रॉपचे नाव मात्र या कथेत आणखी एकदा येते. इंग्लंडला परतल्यावर त्याची मैत्री चार्ल्स रोल्स याच्याशी होती. रोल्स-रॉइस या जोडनावातला हा रोल्स. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे विमान कोसळून तो मरण पावला. त्या मृत्यूने व्यथित झालेल्या कॅलथ्रॉपने उरलेले आयुष्य आणि बराचसा पैसा वैमानिकांना वाचवणाऱ्या हवाई छत्रीवर खर्च केला. 'गार्डियन एंजल', म्हणजे रक्षक देवदूत, असे त्याने तिचे नाव ठेवले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी शत्रूच्या प्रदेशात हेर उतरवण्यासाठी ती वापरली, परंतु आपल्या विमानचालकांना हवाई छत्र्या दिल्या नाहीत. १९२७मध्ये, बार्शी लाइट मिरजेला पोहोचली त्याच वर्षी, कॅलथ्रॉप वारला.

२०१६मध्ये मान्यता मिळालेल्या 'सिरस व्हिजन जेट' या एका इंजिनाच्या छोट्या विमानात अख्ख्या विमानासाठी एक हवाई छत्री बसवलेली आहे. दांडी ओढली की संपूर्ण विमान प्रवाशांसह छत्रीला लटकून खाली येते. २०२२च्या सप्टेंबरात फ्लोरिडात ती प्रत्यक्ष वापरली गेली आणि आतली माणसे वाचली. बार्शीच्या काळ्या मातीत हलकी गाडी चालवणाऱ्या माणसाचे दुसरे स्वप्न, शंभर वर्षांनी, हलक्या जेटमध्ये पुरे झाले.

६

आता आमच्या जिल्ह्यात परत येऊ. धाराशिवजवळ, तेव्हाच्या उस्मानाबादजवळ, शासनाच्या पैशाने धावपट्टी बांधली गेली. २००९मध्ये नांदेड, लातूर, यवतमाळ, बारामती आणि उस्मानाबाद असे पाच विमानतळ ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्स या कंपनीकडे देण्यात आले. पुढच्या काळात हा करार आणि विमानतळांची अवस्था हा राज्यात वादाचा विषय झाला. छोट्या शहरांना विमानसेवेने जोडण्यासाठी केंद्र सरकारने 'उडान' योजना आणली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी तिच्या पहिल्या विमानांत नांदेड–हैदराबाद हे विमान होते. ते चालवणारी कंपनीही पुढे बंद पडली. ही कथा फ्लोरिडातल्या डेजेटशी किती जुळते, हे सांगायला नको.

या मधल्या काळात अशा छोट्या धावपट्ट्यांवर उतरत राहिली ती लहान विमाने: प्रशिक्षणाची, उद्योगपतींची, नेत्यांची. निवडणूक आली की त्यांची ये-जा वाढते. गावकऱ्याच्या दृष्टीने विमान ही येणारी वस्तू आहे. पांढऱ्या रंगाचे काहीतरी उतरते, त्यातून कोणीतरी उतरतो, मोटारींचा ताफा निघतो आणि संध्याकाळच्या आत ते पुन्हा उडून जाते. गावचा माणूस त्यातून कोठे जात नाही. बार्शी लाइटच्या स्थानकावर उभा राहिलेला माणूस जाणाराही असे आणि येणाराही. धावपट्टीच्या कुंपणापाशी उभा असलेला माणूस फक्त पाहणारा असतो. हा फरक मला मोठा वाटतो.

दुसरा फरक जमिनीचा आहे, आणि त्याविषयी लिहिताना हात जड होतो. २८ जानेवारी २०२६ रोजी सकाळी मुंबईहून निघालेले 'लिअरजेट ४५' बारामतीला उतरताना कोसळले आणि राज्याचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह विमानातील पाचही जणांचा मृत्यू झाला. कारणांविषयी बोलण्याचा अधिकार तपास करणाऱ्यांचा आहे आणि प्रस्तुत लेखकाला त्यात काही म्हणायचे नाही. पण त्या दिवसानंतर छोट्या विमानतळांविषयीचा प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नाही. धुक्यात वैमानिकाला धावपट्टीपर्यंत आणणारी उपकरणे, हवामानाची नोंद, नियंत्रण मनोरा, अग्निशमन, या गोष्टी मोठ्या विमानतळांवर गृहीत असतात आणि छोट्या धावपट्ट्यांवर बहुधा नसतात. लाइट जेटचा सर्वांत मोठा गुण म्हणून जे सांगितले जाते, की ते कोठेही उतरू शकते, त्या 'कोठेही'मध्ये जमिनीवर काय असायला हवे याचा विचार फार थोड्यांनी केलेला असतो.

कॅलथ्रॉपने गाडी हलकी केली तेव्हा तिच्यासाठी रूळही त्यानेच घातले, पूल त्यानेच बांधले, स्थानके त्यानेच उभारली. वाहन आणि वाट यांचा विचार त्याने एकत्र केला. म्हणून भार सर्वत्र सारखा पडला आणि तो रूळमार्ग पिढ्यान्‌पिढ्या टिकला. लाइट जेटच्या इतिहासात वाहनाचा विचार अतिशय सूक्ष्म आहे. पंखाच्या प्रत्येक वक्रतेवर आणि प्रत्येक किलोवर बुद्धिमान माणसांनी वर्षे घालवली आहेत. वाटेचा विचार मात्र कोणा तरी दुसऱ्यावर सोपवलेला आहे, कधी शासनावर, कधी भाडेपट्टेदारावर, कधी नशिबावर. विमान हलके झाले, पण जो भार त्याने टाकला तो जमिनीवर आला आहे.

या लेखाचा अर्थ लाइट जेटला विरोध असा कोणी घेऊ नये. तातडीच्या रुग्णासाठी, प्रत्यारोपणाच्या अवयवासाठी, संकटात सापडलेल्या जिल्ह्यासाठी अशा विमानाचे मोल काय असू शकते, हे ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाची पहाट पाहिलेल्या आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. छोट्या धावपट्टीवर उतरू शकणारे वेगवान विमान ही मुळात छोट्या गावांच्या बाजूची कल्पना आहे. ती कोणाच्या उपयोगाला येते, हे यंत्र ठरवत नाही. ते धावपट्टी कोणाची आहे आणि तिच्यासाठी खर्च कोण करतो यावर ठरते.

बार्शी लाइटचे अरुंद रूळ या शतकाच्या पहिल्या दशकात उखडले गेले आणि त्या जागी मोठ्या मापाची रेल्वे आली. जुना मार्ग आमच्या जिल्ह्याच्या शहराला स्पर्श करत नव्हता, नवा करतो. मुंबईची गाडी आता शहराच्या स्थानकातून सुटताना वर्गातली मुले त्या गाडीत दिसतात. धावपट्टीकडे मात्र ती अजून कुंपणातूनच पाहतात. रामाने पुष्पक कुबेराला परत केले ही गोष्ट मी यापुढेही वर्गात सांगेन, पण आता तिला एक प्रश्न जोडीन. अयोध्येच्या ज्या अंगणात ते विमान उतरले, त्या अंगणाचा धनी कोण होता?